खारा वारा आणि सहा तारा

डहाणूला लोखंड टिकत नाही. खिडकीचे गज, सायकलची साखळी, विहिरीवरच्या पंपाचे बोल्ट, साऱ्यांना हा वारा बघता बघता तांबडे करून सोडतो. चिकूला तो मानवतो, माणसांनाही फारसा जाचत नाही. पण लोखंडाशी त्याचे जुने वैर आहे. निवृत्तीनंतर मी गिटार घेऊन आलो आणि त्या वैरात आणखी सहा तारांची भर पडली.

मला शिकवणारा मुलगा तलासरीकडच्या एका पाड्यावरचा, वारली. आठवडाभर वापीच्या कारखान्यात असतो आणि रविवारी मोटारसायकलवरून येतो. मोबाइलवर ऐकून ऐकून त्याने ब्लूज ही अमेरिकेतली संगीताची तऱ्हा आत्मसात केली आहे. पहिले तीन रविवार त्याने मला एकही सूर वाजवू दिला नाही. फक्त गिटार पुसायला लावली. त्याचा आजा तारपा वाजवी. वाळवलेला दुध्या भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांध्यांना मधमाश्यांचे मेण, असे ते वाद्य. आजाने नातवाला फुंकर शिकवण्याआधी मेण लावायला शिकवले होते. तीच रीत त्याने माझ्यावर चालवली.

तेव्हा आता वाजवून झाले की सुती फडके घेऊन एकेक तार पुसतो, वरून आणि खालूनही. बोटांच्या घामातले मीठ वाऱ्यातल्या मिठाला सामील असते. तारा बदलायच्या तर एकेक करून. सहा पोलादी तारा मिळून गिटारची मान साठ-सत्तर किलोंच्या जोराने ओढीत असतात. त्या ओढीला तोंड द्यायला मानेच्या पोटात एक लोखंडी सळई घातलेली असते. पावसाळ्यात लाकूड फुगते, पोट वर येते आणि तारा पडद्यांपासून उंच जातात. मग परीक्षा घ्यायची. एखादी तार पहिल्या पडद्यावर आणि मान जिथे धडाला मिळते तिथल्या पडद्यावर, अशी दोन्हीकडे दाबून धरायची आणि सातव्या पडद्याशी डोळा लावायचा. तार आणि पडदा यांच्यामध्ये पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट हवी. जास्त असेल तर सळई एका फेऱ्याच्या आठव्या हिश्शाने कसायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. हा दुसऱ्या दिवसापर्यंतचा भाग मला सर्वांत अवघड जातो.

चौथ्या रविवारी सूर आले. तेही पाचच: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. 'अरे, हा तर धानी!' मी म्हटले. त्याला धानी ठाऊक नव्हता आणि त्याचे त्याला काही वाटलेही नाही. या पाचांत मध्यम-पंचमांच्या मधला तीव्र मध्यम जाता जाता लावला की ब्लूजचा रंग चढतो. खरी गंमत गंधाराची आहे. साथीला शुद्ध गंधार वाजत असतो आणि गाणारा कोमल गंधार धरून बसतो. दोघेही हटत नाहीत. तिसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यावर हा कोमल गंधार सापडतो. तर्जनीने ती तार किंचित खाली ओढायची, पण शुद्धापर्यंत पोहोचू द्यायची नाही. त्या अधल्यामधल्या जागी जो सूर निघतो तो हार्मोनियमला कधी सापडायचा नाही. सतारीवर मींड काढणाऱ्याला ही ओढ लगेच कळेल. मात्र त्याची सवय वरच्या सुरावर जाऊन टेकण्याची आणि इथे टेकायला बंदी.

या संगीताचा साचा बारा घरांचा, प्रत्येक घरात चार मात्रा. चार घरांत एक ओळ म्हणायची, पुढच्या चारांत तीच पुन्हा आणि शेवटच्या चारांत तिचे उत्तर. प्रत्येक ओळीत गळा पहिली दोन घरे घेतो आणि उरलेल्या दोनांत गिटार बोलते. बी. बी. किंग (१९२५–२०१५) गाताना गिटार थांबवी आणि गिटार बोलू लागली की स्वतः गप्प होई. म्हणून माझ्या गुरूची पद्धत अशी: आधी तोंडाने गायचे, मग तेवढेच बोटांनी शोधायचे. जे गाता येत नाही ते वाजवायचे नाही. तारपा वाजवणारा श्वास तोडत नाही, नाकाने आत घेतो आणि गालातली हवा सोडत राहतो. नाचणारे त्याच्याभोवती फिरत राहतात. जिव्या सोमा मशे यांनी हे रिंगण कितीदा रंगवले आहे! गिटारचे याच्या उलट. 'काका, श्वास घ्या ना,' तो मला म्हणतो, 'हिला कुणी नाचवत नाही, ही बोलते.'

बी. बी. किंगने लहानपणी मिसिसिपीत कापूस वेचला. तिथे मालकाच्या जमिनीवर राबणाऱ्या कुळाला बी-बियाणे आणि खाणे मालकाच्याच दुकानातून उधार मिळे आणि सालअखेरच्या हिशेबात बहुधा देणेच निघे. हे वाचले तेव्हा मला आमच्या माळ्यावरची चोपडी आठवली. माझे आजोबा इथल्या एका जमीनदाराकडे कारकून होते. पावसाळ्यात पाड्यांवर दिलेल्या खावटीच्या भाताच्या नोंदी त्यांच्या वळणदार मोडीत आहेत. नावे बाजू भरगच्च. जमा बाजूला गवतकापणीचे दिवस. वेठ करायची नाही असे वारल्यांनी ठरवले ते १९४५ च्या मे महिन्यात, आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरीला. त्याआधीची ही चोपडी.

एका रविवारी ती मी त्याच्यापुढे ठेवली आणि वाचून दाखवली. तिच्यात त्याच्या पाड्याचे नाव सात ठिकाणी आहे. तो बोटाने ओळी मोजीत गेला. 'हे फिटले कधी?' त्याने विचारले. फिटल्याची नोंद नाही, असे मी सांगितले. त्याने चोपडी मिटली, शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि गिटार माझ्या हातात दिली. 'सहावी तार उतरली आहे,' तो म्हणाला. मी ती चढवली. मग त्याने बारा घरे धरली. पहिल्या फेऱ्यात मला गाता आले नाही, म्हणून वाजवलेही नाही. तो धरून राहिला. दुसऱ्या फेऱ्यात गंधार सापडला.

चोपडी आता माळ्यावर नाही, पुस्तकांच्या कपाटात आहे. तिची छायाचित्रे तो मोबाइलवर घेऊन गेला, आईला दाखवायला.

पाऊस सरला आहे. दिवाळीसाठी तारांचा नवा संच आणून ठेवला आहे. हवा कोरडी होऊ लागल्यापासून तिसऱ्या पडद्यावर सहावी तार खरखरते. मी सळईची किल्ली काढलीही होती. गेल्या रविवारी त्याने ती माझ्याकडून घेऊन खिशात टाकली. लाकूड अजून उतरते आहे, पंधरा दिवस थांबा, म्हणाला.