आठ लाखांच्या आत

महाराष्ट्रात अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, कृषी, वैद्यकीय अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना शिकणाऱ्या लाखो मुलामुलींच्या फीचा मोठा वाटा सरकार उचलते. कुठे निम्मी फी, कुठे पूर्ण. तरीही दर वर्षी कितीतरी मुले हक्काची सवलत सोडून घरचे दागिने गहाण ठेवलेल्या पैशांतून फी भरतात. एका विनाअनुदानित महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात मी अनेक वर्षे काम करतो आहे. आमच्या खिडकीशी येणारा पालक बहुतेक वेळा एकच विचारतो, ‘‘साहेब, आम्ही बसतो का त्यात?’’ या प्रश्नाचे उत्तर नियमांत असते, आणि ते नियम समजायला वाटतात तितके कठीण नाहीत. कठीण असते ते त्यात बसतो हे वेळेत सिद्ध करणे. या लेखात मला दोन्हींबद्दल लिहायचे आहे.

परंपरा जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात वसतिगृहे काढली आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी सुरू झाली. पुढे यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांना फी माफ झाली आणि ‘ईबीसी सवलत’ हा शब्द मराठी घराघरांत रुळला. आजची ‘राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना’ ही त्याच सवलतीची वारसदार. जुनी माणसे आजही तिला ईबीसीच म्हणतात.

आपला विद्यार्थी कोण?

पहिली अट रहिवासाची. राज्याच्या तिजोरीतला पैसा राज्यातल्या मुलांसाठी, हे तत्त्व साधे वाटते. पण त्याची न्यायालयीन कसोटी प्रजासत्ताकाच्या पहिल्या पाच वर्षांतच लागली. इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारत राज्याच्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ होती, बाहेरच्यांना भरावी लागे. दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने त्याला आव्हान दिले. १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डी. पी. जोशी खटल्यात बहुमताने निकाल दिला की राज्यघटनेचे कलम १५ जन्मस्थानावरून भेदभाव करायला मनाई करते. रहिवास ही वेगळी गोष्ट आहे आणि आपल्या रहिवाशांच्या शिक्षणाला हातभार लावणे हा राज्याचा रास्त हेतू आहे. पुढे १९८४ मध्ये प्रदीप जैन खटल्यात याच न्यायालयाने बजावले की भारतात अधिवास एकच, भारताचा. राज्यांनी ‘डोमिसाइल’ म्हणताना त्यांना खरे तर कायमचे वास्तव्य अभिप्रेत असते. जानेवारी २०२५ मध्ये वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशांतले रहिवासाधारित आरक्षण न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. जागा राखून ठेवणे आणि फीला मदत करणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. फीच्या मदतीपुरता रहिवासाचा निकष सत्तर वर्षे टिकून आहे आणि माझ्या मते तो न्याय्यही आहे.

महाराष्ट्रात हा निकष प्रवेशाच्या वेळीच लागतो. राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) कक्ष उमेदवारांची ‘टाइप ए’ ते ‘टाइप ई’ अशी वर्गवारी करतो. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि जन्म किंवा अधिवास इथला, तो टाइप ए. मुलगा बाहेर शिकला, पण त्याचा स्वतःचा किंवा आई-वडिलांपैकी एकाचा अधिवास इथला, तो टाइप बी. केंद्र सरकारच्या नोकरीमुळे पालकांची इथे बदली झाली असेल तर सी, पालक राज्य सरकारचे कर्मचारी असतील तर डी. टाइप ई आहे सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी. बेळगाव, निपाणी, बिदर, भालकी, कारवार या पट्ट्यातली जी ८६५ गावे महाराष्ट्र आपली मानतो, तिथली मुले त्यात येतात आणि फीसवलतीच्या योजनांतही त्यांना स्थान आहे. ही तरतूद सीमाभागातल्याच अनेक पालकांना माहीत नसते, म्हणून मुद्दाम लिहितो.

मराठी असणे आणि महाराष्ट्राचा रहिवासी असणे मात्र नियमांत एक नाही. इंदूर, बडोदे किंवा हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरातल्या मुलाला केवळ भाषेच्या आधारावर ही सवलत मिळत नाही. उलट भिवंडीत किंवा धारावीत वाढलेल्या, घरी भोजपुरी बोलणाऱ्या मुलीचा अधिवास इथला असेल तर ती पूर्णपणे आपली विद्यार्थिनी आहे. हे योग्यच आहे.

अधिवासाच्या दाखल्यासाठी राज्यात साधारणतः १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. जातीच्या दाखल्याला आणखी मागे जावे लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांना किंवा त्याआधी कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांच्याकडे सातबारा आहे, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आहे, त्यांचे काम होते. ज्या भटक्या कुटुंबाला १९६१ साली गाव नव्हते, त्याने त्या सालचा गावाचा कागद आणायचा कुठून? ज्यांच्या भटकेपणामुळे त्यांना सवलत दिली, त्यांच्याकडेच स्थिरपणाचा पुरावा मागायचा, हा या व्यवस्थेतला मला सर्वांत जास्त खुपणारा भाग आहे.

एकच आकडा, तीन अर्थ

दुसरी अट उत्पन्नाची. आठ लाख हा आकडा आता सगळ्यांना पाठ झाला आहे, पण तो कुठे कसा मोजतात हे फार थोड्यांना ठाऊक असते. फीसवलतीसाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. त्यात कुटुंबाचे सर्व मार्गांनी आलेले उत्पन्न धरतात. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रात मात्र पगार आणि शेतीचे उत्पन्न त्या मर्यादेत मिळवत नाहीत, आणि तिथे लागोपाठच्या तीन वर्षांचा विचार होतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे (ईडब्ल्यूएस) प्रमाणपत्र तिसरेच. त्यात पुन्हा एकूण उत्पन्न, आणि राज्याच्या प्रमाणपत्राला १९६७ च्या तारखेचा रहिवास. तिन्ही कागदांवर आठ लाखच लिहिलेले असतात, म्हणून पालक एकाच्या जागी दुसरा जोडतात आणि अर्ज परत येतो. एक कागद दुसऱ्याच्या जागी चालेल असे कधीही गृहीत धरू नका.

अनुसूचित जातींसाठी हिशेब वेगळा आहे. पालकांचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, फी आणि निर्वाह भत्त्यासह. त्याहून जास्त असेल तर भत्ता मिळत नाही, पण शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची फ्रीशिप राज्य देते. ‘आपले उत्पन्न अडीच लाखांवर गेले, आता काही नाही’ असे समजून गप्प बसलेली घरे मी पाहिली आहेत. त्यांनी जरूर अर्ज करावा.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मोठा बदल केला. ईडब्ल्यूएस, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास (एसईबीसी) आणि इतर मागास (ओबीसी) प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पन्नासऐवजी शंभर टक्के मिळू लागले. आधीपासून शिकत असलेल्या मुलींनाही ते लागू झाले. धाकटीच्या फीसाठी थोरलीचे शिक्षण थांबवायचे, हा हिशेब ज्या घरांत होत असे, त्यांच्यासाठी हा निर्णय फार मोलाचा आहे.

आठ लाखांची रेषा मात्र कड्यासारखी तुटलेली आहे. ७ लाख ९९ हजार उत्पन्नाच्या घराला सगळे मिळते, ८ लाख १ हजारवाल्याला काहीच नाही. फॉर्म १६ असलेल्या नोकरदाराचे उत्पन्न रुपयापर्यंत दिसते. ज्याची आवक कागदावर येतच नाही, त्याचा दाखला अंदाजाने होतो. ही विषमता मिटवायची तर आठ ते दहा लाखांच्या दरम्यान सवलत टप्प्याटप्प्याने कमी करत न्यावी. रेषेच्या अलीकडे-पलीकडे उभ्या असलेल्या दोन घरांत असा फरक नसतो की एकाच्या मुलीने फुकट शिकावे आणि दुसऱ्याच्या मुलीने कर्ज काढावे.

छोट्या अटी, मोठे परिणाम

उरलेल्या अटी बारीक टाइपात असतात आणि त्याच घात करतात. प्रवेश ‘कॅप’ म्हणजे केंद्रीभूत प्रक्रियेतूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या जागेला सवलत नाही. त्याच महाविद्यालयात, त्याच वर्गात, शेजारच्या बाकावर बसणाऱ्या दोन मैत्रिणींपैकी एकीला पूर्ण फी माफ आणि दुसरीला शून्य, कारण दुसरीने कॅप फेरीची तारीख चुकवली. अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठेही मुलींच्या या योजनेबाहेर आहेत. प्रवेशाच्या वेळी ‘स्कॉलरशिप मिळेल’ असे तोंडी आश्वासन कोणी दिले, तर कोणती योजना आणि कोणता शासन निर्णय, हे लेखी मागा.

शाहू महाराज योजनेत कुटुंबातल्या पहिल्या दोनच अपत्यांना लाभ आहे. शिक्षणात दोन किंवा अधिक वर्षांचा खंड चालत नाही. आधीच्या सत्रात किमान पन्नास टक्के हजेरी हवी. एका वेळी एकच शिष्यवृत्ती घेता येते. राखीव प्रवर्गातून व्यावसायिक प्रवेश घेतला असेल तर जात वैधता प्रमाणपत्र लागते. यातली हजेरीची अट मला पटते. खंडाची पटत नाही. घरात आजारपण आले, बापाचा अपघात झाला, मुलगा दोन वर्षे कामाला लागला आणि मग परत वर्गात आला, तर असा विद्यार्थी मदतीला सर्वांत जास्त पात्र असायला हवा. आणि तिसऱ्या अपत्याने आपल्या आई-बापांच्या निर्णयाची किंमत का मोजावी, याचे उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

मिळणारी रक्कमही नीट समजून घ्यावी. शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते त्या फीत शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क असे वेगळे भाग असतात. मुलींच्या योजनेत शिक्षण व परीक्षा शुल्क माफ होते. वसतिगृह, मेस, पुस्तके यांचा खर्च घराकडेच राहतो. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासारख्या वेगळ्या योजना आहेत. त्यांच्या अटी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात.

कागदांची पेरणी

सगळे अर्ज आता महाडीबीटी पोर्टलवर होतात. विद्यार्थ्याने भरलेला अर्ज आधी महाविद्यालयातल्या लिपिकाच्या लॉगिनला येतो, तिथून प्राचार्यांच्या, तिथून संबंधित विभागाकडे. मध्ये कुठेही नाव जुळले नाही की तो ‘सेंड बॅक’ होतो. आधारवर ‘सुनिता’, दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘सुनीता’, बँकेत आडनाव सासरचे. एवढ्याने वर्ष अडकते. पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात, म्हणून खाते नुसते असून भागत नाही, आधार सीडिंग चालू असावे लागते. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा साठ टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी त्याने महाविद्यालयात भरायची असते. ती रक्कम घरखर्चात गेली तर पुढे अडचण होते.

शेतकरी मृगाच्या आधी बियाणे घरात आणून ठेवतो, तशी कागदांची तयारी निकालाआधी झाली पाहिजे. मूल दहावीत असतानाच अधिवासाचा आणि जातीचा दाखला काढा. अकरावीतच जात वैधतेचा अर्ज करा. एप्रिल उजाडला की नव्या आर्थिक वर्षाचा उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून मागवा. जूनमध्ये तिथे रांगा लागतात. सगळ्या कागदांवर नावाचे एकच स्पेलिंग करून घ्या. दर वर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरा, कारण पहिल्या वर्षी मिळाले म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप मिळत नाही. माफ होणारी फी प्रवेशाच्या वेळी घेऊ नये अशा सरकारच्या स्पष्ट सूचना आहेत. कोणी मागितली तर शासन निर्णय दाखवा आणि लेखी तक्रार करा.

सरकारकडेही एक मागणी आहे. दहावी-बारावीचे गुण राज्य मंडळाकडे आहेत. रेशनकार्ड पुरवठा विभागाकडे, सातबारा महसूल विभागाकडे आणि पडताळलेला अधिवास सीईटी कक्षाकडे आहे. हेच कागद पालकाला पुन्हा फोटोकॉपी करून पुन्हा अपलोड का करायला लावायचे? कुटुंबाची संमती घ्या आणि सरकारच्या एका खात्याने दुसऱ्याला विचारा. पात्रतेचा निर्णय कॅप फेरीच्या वाटपपत्रासोबतच विद्यार्थ्याच्या हाती पडला पाहिजे. मोलमजुरी करणाऱ्या आईची दोन दिवसांची मजुरी एका दाखल्यासाठी बुडते, हे धोरण आखणाऱ्यांनी हिशेबात धरायला हवे. आणि महाविद्यालयांना द्यायची रक्कम वेळेवर द्या, कारण ती लांबली की त्याचा दाब शेवटी विद्यार्थ्यावरच येतो.

महाराष्ट्राचे फीसवलतीचे नियम, त्यांतल्या त्रुटी धरूनही, उदार आहेत. त्यांचा लाभ न मिळालेली बहुतेक मुले मी पाहिली ती अपात्र नव्हती. त्यांना उशिरा कळले होते. म्हणून हा अंक वाचून बाजूला ठेवण्याआधी एक काम करा. तुमच्याकडे घरकाम करणाऱ्या ताई, सोसायटीचे सुरक्षारक्षक, शेतावरचा गडी, भाऊबीजेला येणारी बहीण, यांपैकी कोणाचे मूल दहावी ते पदवीच्या दरम्यान आहे का, ते विचारा. असेल तर दाखले निघालेत का ते पाहा, अर्जाची शेवटची तारीख तपासा आणि एक संध्याकाळ त्यांच्यासोबत बसून अर्ज पूर्ण करून द्या.