सासरचे नाव

कोणी तिकिटे जमवतो, कोणी नाणी. आमचे एक स्नेही अडकित्ते जमवतात. ही सारी मंडळी भाग्यवान, कारण त्यांचा छंद कपाटात मावतो. मी कपडे धुण्याची जुनी यंत्रे जमवतो. मिशिगनमधल्या आमच्या घराच्या तळघरात अशी पाच यंत्रे ओळीने उभी आहेत. "लोक तळघरात धन पुरून ठेवतात, आमच्याकडे धुणं आहे," असे आमची ही पाहुण्यांना सांगते.

बरे, कोणतेही यंत्र मला चालत नाही. मोठ्या दुकानांनी आपल्या नावाने विकलेलीच हवीत. सिअर्स रोबक हे अमेरिकेतले एके काळचे अवाढव्य दुकान. त्याने १९२७ पासून 'केनमोर' नावाची धुलाईयंत्रे विकली. घडवीत मात्र दुसरेच. मिशिगन सरोवराकाठी १९११ साली अप्टन मंडळींनी एक कारखाना काढला. तोच पुढे व्हर्लपूल झाला. त्या कारखान्याचे स्वयंचलित यंत्र १९४७ साली बाजारात आले ते केनमोर म्हणून. व्हर्लपूल हे घरचे नाव लावून ते दुसऱ्या वर्षी आले. माँटगोमेरी वॉर्डच्या दुकानातली 'सिग्नेचर' यंत्रे अशीच नॉर्जच्या कारखान्यातून येत.

मग ओळखायचे कसे? झाकण उघडून आत पाहायचे. तिथल्या पट्टीवर एक लांबलचक आकडा असतो. केनमोरच्या पट्टीवर टिंबाआधी ११० असेल, तर यंत्र खात्रीने व्हर्लपूलच्या घरचे!

हे सारे मी १९७९ साली मोठ्या उत्साहाने आईला सांगत होतो. ती वाईहून प्रथमच आमच्याकडे आली होती. उभा जन्म तिने कृष्णेच्या घाटावर धुणे आपटले. आमचे जुने, दुसऱ्या हाताचे केनमोर पाहून तिचा विश्वास बसेना. स्टूल घेऊन ती त्याच्यासमोर बसली, ती कपडे पिळून होईपर्यंत उठली नाही. मधेच त्याच्या पोटातून 'खट्' असा आवाज येई आणि घुसळणे थांबून पाणी जाऊ लागे. "आता याला कुणी सांगितलं?" ती विचारी. यंत्राच्या खाली दोन विद्युतचुंबक झोके घेत असतात. एक घुसळणीचा, एक पिळण्याचा. मी सांगितले. तिने ऐकले, पण पटले असे दिसले नाही.

तिला खरे पटले ते निराळेच. त्या यंत्रात साबणाचे पाणी वाचवण्याची सोय होती. पांढरे कपडे धुऊन झाले की ते फेसाळ पाणी शेजारच्या हौदात जाई आणि रंगीत कपड्यांसाठी यंत्र तेच पाणी परत ओढून घेई. आई खुलली. "अगं बाई! हे कुणा संसारी बाईनंच सांगून करून घेतलेलं दिसतंय," ती म्हणाली.

त्या भरात मी झाकण उघडून तिला आकडा दाखवला. "नाव सासरचं, आई, पण ही बघ माहेरची खूण."

ती थोडा वेळ त्या पट्टीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "माझं माहेरचं नाव ठाऊक आहे तुला?"

मी तेहतीस वर्षांचा होतो. आईचे नाव सरस्वती, एवढेच मला ठाऊक. आजी माझ्या जन्माआधीच गेलेली, मामा 'ताई' म्हणत. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने सरस्वती लिहिले गेले, त्याआधी तिथे कोण होते हे मी कधी विचारलेच नव्हते.

"वेणू," ती म्हणाली. "त्या नावानं हाक मारणारं आता कुणी राहिलं नाही." आणि उठून कपडे वाळत घालायला गेली.

१९८६ साली आम्ही घर बदलले, तेव्हा ते यंत्र मी भंगारवाल्याला देऊन टाकले. नवे घेतले. १९९१ साली आई गेली, आणि मग मी जुनी केनमोर शोधू लागलो. मनासारखे मिळायला सात वर्षे लागली. एका म्हाताऱ्या बाईंच्या तळघरात ते होते. किंमत एकच : जिना चढवून तुम्ही न्यायचे! पट्टा तडकलेला, पंप गंजून धरलेला. तीन महिने रविवार घालवले. शेवटी एकदा पोटातून 'खट्' झाले, आणि शेजारी स्टूल नाही हे माझ्या ध्यानात आले.

वॉर्डची जुनी दुकाने २००१ साली मिटली. सिअर्सने २०१८ मध्ये दिवाळखोरी पुकारली. यंत्रांची सासरे अशी खचली. आकडे मात्र पुसले गेलेले नाहीत.

नरकचतुर्दशीला आमच्याकडे नातवंडांसह सारे पहाटे अभ्यंगस्नान करतात. तेलकट पंचे आणि टॉवेल यांचा ढीग पडतो. मग ही जिन्याच्या तोंडाशी येऊन हाक देते, "अहो, हे तेवढं वेणूत टाकून या."

मी खाली जातो. स्टूल आता तिथेच असते.