बंपर वर, पायरी खाली

बेळगावच्या उद्यमबागेत आधी आवाज ऐकू येतो, मग वास येतो. फाउंड्रीच्या भट्ट्या, लेथवरचं तेल, मराठी-कन्नड एकात मिसळलेलं बोलणं. 2006 च्या मे महिन्यात काकांची जुनी जीप घेऊन मी तिथं गेलो, तेव्हा कॉलेजात नुकताच लागलो होतो.

काकांचं शेत जांबोटीच्या पुढं. पावसाळ्यात तिथल्या तांबड्या चिखलासाठी मोठे टायर घातले, तर ते मडगार्डला घासू लागले. म्हणून बॉडी आणि चासी यांच्यामध्ये नायलॉनचे दोन इंची ठोकळे बसवून बॉडी उचलली. पुष्कळांना वाटतं, यानं गाडीचं पोट जमिनीपासून वर जातं. तसं नाही. डिफरन्शियल जागेवरच राहतो. टायरच्या उंचीत जेवढी भर पडेल, तिच्या निम्म्यानंच तो वर येतो.

स्टिअरिंगचा सांधा, गिअरचा दांडा, डिझेल भरायची नळी, वायरी असं सगळं तपासलं. मागं जाऊन बघतो तर बंपर खालीच! तो चासीला बांधलेला, बॉडीला नव्हे. सदरा आखूड झालेल्या माणसासारखी जीप दिसत होती.

"चासीला वेल्डिंग नको, सर," मिस्त्री म्हणाला. त्यानं जाड पत्र्याच्या दोन पट्ट्या कापल्या. खालची भोकं चासीच्या जुन्या भोकांशी जुळणारी, वरची दोन इंच उंच. बंपर पिळवटू नये म्हणून प्रत्येक पट्टीला दोन-दोन बोल्ट आणि एक तिरका आधार. ओढायचा हुक मात्र चासीवरच ठेवला. ओढ तिनंच सोसायची. दोन्ही बाजूंची उंची टेपनं मोजली आणि मगच बोल्ट आवळले.

दुसऱ्या दिवशी आज्जीला कणकुंबीला न्यायचं होतं. मलप्रभेचा उगम बघायची तिची फार दिवसांची इच्छा. जीपमध्ये मागून चढायचं ते बंपरवर पाय ठेवून. तिनं पाय उचलला, पोचला नाही. पुन्हा उचलला. मग खाली बघत म्हणाली, "तुम्हीच जाऊन या रे."

आम्ही सगळे गप्प. गाडी चिखलातून निघावी म्हणून एवढी खटपट केली, आणि घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस तिच्यात बसेल कसं, हे कुणालाच सुचलं नव्हतं. चौरंग ठेवून तिला चढवलं. उद्यमबाग वाटेवरच. मिस्त्रीनं जास्त विचारलं नाही. त्याच पट्ट्यांना खाली एक लोखंडी पायरी टांगली, पाय घसरू नये म्हणून वर जाळीचा पत्रा. हात पुढं करून म्हणाला, "अज्जी, निधान हत्रि."

पिरनवाडी सोडली, जांबोटी गेलं, झाडी दाटली. पुढं सौंदत्तीचं धरण भरणारी, कूडलसंगमाला कृष्णेत मिळणारी ही नदी कणकुंबीत किती लहान! आज्जी कुणाचा हात न धरता उतरली आणि पाण्याशी जाऊन उभी राहिली.

आज गाडीत असा बदल करायचा तर आधी आरटीओत विचारून घ्यावं. कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही ते ठासून सांगितलं आहे.

आज्जी आता नाही. पायरी आहे. परवा आईनं तिच्यावर पाय ठेवला, तेव्हा काका नकळत हात पुढं करून म्हणाले, "वहिनी, निधान."