समभागांची खतावणी

समभागांचे क्षेत्रवार वर्गीकरण म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांची, त्या मुख्यतः ज्या व्यवसायातून उत्पन्न मिळवतात त्या व्यवसायानुसार लावलेली वर्गवारी होय. जुन्या मराठी जमाखर्चाच्या भाषेत बोलायचे, तर रोजकीर्दीत तारखेवार उतरलेल्या नोंदी ज्या पद्धतीने निरनिराळ्या खात्यांवर चढवल्या जातात, तेच खतावणीचे काम येथे कंपन्यांच्या बाबतीत केले जाते. ही तुलना केवळ शोभेची नाही. नोंद चुकीच्या खात्यावर चढली तरी बाजू बरोबर असल्यास तेरीज जुळतेच, आणि त्यामुळे ती चूक वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेस येत नाही. प्रस्तुत लेखकाने आपल्या गुंतवणुकीत नेमकी अशीच एक चूक २०१८ सालापर्यंत मोठ्या विश्वासाने सांभाळली होती.

वर्गीकरणाची अधिकृत चौकट आधी पाहणे सोयीचे होईल. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या निर्देशांकांसाठी आज जी रचना वापरली जाते ती चार पायऱ्यांची असून, सर्वांत वर १२ बृहद्-आर्थिक क्षेत्रे, त्यांखाली २२ क्षेत्रे, त्यांखाली ५९ उद्योग आणि तळाशी १९७ मूलभूत उद्योग अशी ती उतरत जाते. घरांना रंग देणारी कंपनी तळाच्या पायरीवर 'रंग' या मूलभूत उद्योगात असते, पण वर चढत गेल्यास ती पंखे आणि दागिने विकणाऱ्यांच्या पंक्तीला, म्हणजे टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तूंच्या क्षेत्रात, जाऊन बसते. सिमेंट कंपनी मात्र त्याच घराच्या भिंतीत असूनही बांधकाम साहित्याच्या मार्गाने कमोडिटी या वेगळ्याच शिखरावर पोहोचते. परदेशात अशीच एक चौकट एमएससीआय आणि एस अँड पी या संस्थांनी १९९९ मध्ये तयार केली. तिच्यात आज ११ क्षेत्रे आहेत, आणि मार्च २०२३ मध्ये व्हिसा व मास्टरकार्ड या कंपन्या माहिती तंत्रज्ञानातून उचलून वित्तीय सेवांत ठेवण्यात आल्या. त्या रात्रीत या कंपन्यांच्या धंद्यात काहीच बदललेले नव्हते, बदलले होते ते केवळ खाते.

लेखकाने गुंतवणुकीसाठी ठेवलेली वही दोनशे पानी, लांबट, रेघांची होती आणि तिच्यात प्रत्येक व्यवसायाला स्वतंत्र पान दिलेले होते. 'बँका', 'घरकर्ज', 'वाहनकर्ज', 'विमा', 'फंड कंपन्या' अशी शीर्षके लाल शाईने लिहिलेली होती, आणि एकूण सतरा कंपन्या अशा अकरा पानांवर पसरलेल्या असल्यामुळे सगळी अंडी एका टोपलीत नाहीत याचे समाधान प्रत्येक वेळी वही मिटताना मिळत असे. यातील पाच पाने, आणि त्यांवरील सात कंपन्या, बाजाराच्या लेखी वित्तीय सेवा या एकाच क्षेत्रात मोडत होत्या. डीमॅट खात्याच्या विवरणपत्रात प्रत्येक नावाशेजारी क्षेत्राचा रकाना छापलेला असूनही तो कधी वाचला गेला नव्हता, कारण आपल्या हस्ताक्षरातील वर्गवारीपुढे छापील वर्गवारी माणसाला नेहमीच परकी वाटते.

सप्टेंबर २०१८ मध्ये पायाभूत सुविधांना कर्ज पुरवणाऱ्या एका मोठ्या वित्तसमूहाने देणी थकवल्याचे उघड झाले आणि बिगरबँक वित्तसंस्थांविषयी बाजारात शंका पसरली. या संस्था ठेवींवर मर्यादित प्रमाणातच विसंबतात. त्यांतील अनेक जणी व्यापारी हुंड्यांसारखे, म्हणजे तीन ते सहा महिन्यांनी परत करायचे, अल्प मुदतीचे रोखे काढून पैसा उभारत आणि तोच पैसा पंधरा-वीस वर्षांच्या घरकर्जांत गुंतवत. जुना रोखा फेडण्यासाठी नवा रोखा विकला जात आहे तोवर हे चक्र सुरळीत फिरते, परंतु खरेदीदार एकदा बिचकला की घर बांधणाऱ्याकडून हप्ता वेळेवर येत असूनही कंपनीची रोकड आटते. २१ सप्टेंबरच्या शुक्रवारी सेन्सेक्स व्यवहार चालू असतानाच हजाराहून अधिक अंशांनी कोसळला आणि मग बराचसा सावरला. लेखकाच्या वहीतील ती पाच पाने मात्र सावरली नाहीत. घरकर्ज आणि वाहनकर्ज देणाऱ्या कंपन्या रोकडीच्या भीतीने पडल्या, हे रोखे ज्यांच्या योजनांत होते त्या फंड कंपन्या त्यांच्यामागून, आणि या सर्वांना कर्जे देणाऱ्या बँका त्यांच्याही मागून. पाच पानांवर वेगवेगळ्या लिहिलेल्या कंपन्या एकमेकींच्या देणेकरी आणि घेणेकरी होत्या, हे त्या दिवशी दुपारी प्रथमच ध्यानात आले.

यातून घेतलेला पहिला धडा अर्धाच होता. लेखकाने जुनी वही बाजूला ठेवून अधिकृत क्षेत्रांनुसार नवी वही घातली, आणि छापील वर्गीकरणावर आता तितकाच आंधळा विश्वास ठेवला. हा विश्वास प्रथम डळमळला तो एका निरुपद्रवी कुतूहलामुळे. भारतातील प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला २१ अक्षरांकांचा एक ओळखक्रमांक असतो. त्यात पहिले अक्षर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे की नाही हे सांगते, पुढचे पाच अंक व्यवसायाचे, नंतरची दोन अक्षरे राज्याची आणि त्यापुढचे चार अंक स्थापनेच्या वर्षाचे असतात. वार्षिक अहवाल चाळताना रिलायन्सच्या क्रमांकात १७११० हे अंक आढळले, आणि २००८ पूर्वीच्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात १७ हा विभाग कापडउद्योगाचा आहे. बाजार ज्या कंपनीला तेलशुद्धीकरणाच्या खात्यावर लिहितो आणि शेजारीपाजारी जिला मोबाइलची कंपनी म्हणून ओळखतात, तिचा ओळखक्रमांक अजून कापडच विणत आहे. १९८५ पर्यंत तिच्या नावातही 'टेक्स्टाइल' हा शब्द होता. आयटीसीच्या क्रमांकाची सुरुवात १६ ने, म्हणजे तंबाखूने होते व त्यात १९१० हे वर्ष आहे, तर बाजाराच्या यादीत ती साबण-बिस्किटांच्या मोठ्या कंपन्यांशेजारी 'विविध ग्राहकोपयोगी वस्तू' या मथळ्याखाली बसते.

विप्रोचा क्रमांक याहून बोलका आहे. राज्याच्या जागी 'केए', म्हणजे कर्नाटक, आणि वर्षाच्या जागी १९४५. परंतु त्या वर्षी ही कंपनी स्थापन झाली ती खानदेशात, बोरी नदीकाठच्या अमळनेरला, आणि वनस्पती तूप तयार करण्यासाठी. कपडे धुण्याचा '७८७' साबण हे तिचे त्या तुपाबरोबरचे उत्पादन होते. अमळनेरमधील ज्या कुटुंबांनी तेव्हाचे शेअर मोडले नाहीत त्यांची गोष्ट खानदेशात अनेकदा सांगितली जाते, आणि ती बहुधा चिकाटीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. वर्गीकरणाच्या दृष्टीने पाहिल्यास मात्र ती अशा समभागाची गोष्ट आहे, जो धारकाच्या पेटीत जागचा न हलता तुपाच्या खात्यावरून संगणकाच्या खात्यावर गेला. साबण आणि दिव्यांचा उरलेला व्यवसाय २०१३ मध्ये वेगळ्या कंपनीत काढण्यात आला, तेव्हा कुठे खाते निर्भेळ झाले.

तथापि खाते निर्भेळ असले म्हणजे धोका वाटला गेला, असेही नाही. २०२२ च्या मार्चमध्ये, युक्रेनवरील रशियाच्या आक्रमणानंतर, ब्रेंट जातीच्या कच्च्या तेलाचा भाव बॅरलमागे १३० डॉलरच्या वर जाऊन आला. लेखकाच्या नव्या वहीत तेव्हा एक रंग कंपनी, एक टायर कंपनी आणि एक विमान कंपनी अशा तिघी तीन निरनिराळ्या क्षेत्रांत शिस्तीने नोंदलेल्या होत्या आणि तिन्ही एकाच आठवड्यात खाली आल्या, कारण रंगातील द्रावके, टायरमधील कृत्रिम रबर व काजळी आणि विमानाचे इंधन ही सगळी एकाच पिंपातून निघतात. कंपनी कोणाला काय विकते हे वर्गीकरण सांगते. ती काय विकत घेते हे त्यात नसते, आणि ते असावे अशी अपेक्षा करणेही योग्य नव्हे, कारण ती चौकट निर्देशांक बांधण्यासाठी व तुलनेसाठी आखलेली आहे. पहिल्या वहीत एकच क्षेत्र पाच नावांनी लिहिले गेले होते आणि दुसरीत एकच कारण तीन क्षेत्रांत विखुरले गेले होते. दोन्ही वेळा तेरीज जुळलेलीच होती.

तेव्हापासून वहीच्या प्रत्येक पानावर क्षेत्राच्या रकान्याशेजारी पेन्सिलीने आखलेला दुसरा रकाना असतो आणि त्याचे शीर्षक 'कशाने पडेल' असे आहे. जानेवारी २०२५ मध्ये आयटीसीचा हॉटेल व्यवसाय वेगळ्या कंपनीत गेला आणि दर दहा शेअरांमागे एक या हिशेबाने लेखकाच्या डीमॅट खात्यात पंधरा नवे शेअर आपोआप जमा झाले. क्षेत्राच्या रकान्यात 'ग्राहक सेवा' हे शब्द लगेच लिहिता आले. दुसऱ्या रकान्यात आधी 'टाळेबंदी' लिहिले गेले, मग त्यापुढे 'विमानभाडे' असा शब्द आला, आणि ते पंधरा शेअर अखेर विमान कंपनीच्या पानावर, तिच्या नावाखालच्या ओळीत, नोंदवले गेले.