ज्याचे शेत, त्याला विचारा

मातीचा नमुना कसा घ्यावा हे आता तुम्हांला पाठ झाले असेल. बांधालगतची माती घ्यायची नाही, झाडाखालची नाही, उकिरड्याजवळची तर नाहीच. शेतभर नागमोडी फिरून ठिकठिकाणची माती घ्यायची, ती कालवायची आणि त्यातली अर्धा किलो पिशवीत भरायची. नमुना चुकला की अहवाल चुकतो, आणि अहवाल चुकला की खताचा पैसा वाया जातो.

माणसांचेही तसेच आहे. तृतीयपंथी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रेल्वेत टाळी वाजवणारी, नाहीतर यल्लम्माच्या नावाने जोगवा मागणारी माणसे येतात. हा झाला बांधालगतचा नमुना. 2011 च्या जनगणनेत स्त्री व पुरुष यांखेरीज ‘इतर’ असा पर्याय पहिल्यांदाच आला. देशात 4,87,803 आणि महाराष्ट्रात 40,891 जणांची त्यात नोंद झाली. देशातल्या या लोकांपैकी सुमारे दोन तृतीयांश खेड्यांत राहणारे निघाले! म्हणजे ही माणसे आपल्याच शिवारातली. त्यांच्यात साक्षर शंभरात 56, तर एकूण जनतेत 74.

पण ही मोजणीही पुरती नव्हे. त्या आकड्यात सहा वर्षांपर्यंतची 54,854 मुले होती. एवढी लहान मुले स्वतःविषयी काय सांगणार? घरच्यांनी सांगितले, ते लिहिले गेले. उलट एखाद्या घरच्या कर्त्याने ‘मुलगाच आहे’ म्हटले की तीच नोंद कायम. दुसऱ्याच्या तोंडची माहिती अशी असते.

म्हणून या लोकांनी स्वतःच आपली चौकशी करायचे ठरवले, हे मला फार मोलाचे वाटते. तमिळनाडूच्या खेड्यात, मुलगा म्हणून वाढलेली ए. रेवती पुढे बंगळूरच्या ‘संगम’ संस्थेत काम करू लागली. आपल्यासारख्यांना भेटून तिने त्यांच्या हकिकती गोळा केल्या आणि 2004 साली तमिळमध्ये पुस्तक काढले. विचारणारी आपलीच, त्यामुळे सांगणारी मोकळेपणाने बोलली. घर का सुटले, भाड्याने खोली मिळते का, दवाखान्यात कोणत्या रांगेत उभे राहायचे, म्हातारपणी कोण बघणार, हे प्रश्न परक्या माणसाच्या तक्त्यात सुचत नाहीत.

माझ्या भागातल्या एका वस्तीवर अशीच एक जण आहे. धारा काढणे, कांद्याची रोपे, म्हाताऱ्या आईचे औषधपाणी, सारे तिच्याकडे. मी एकदा विचारले, “तुम्हांला काय हवे?” ती म्हणाली, “भाऊसाहेब, सातबाऱ्यावर नाव हवं, आन् बाजाराच्या दिवशी जायला संडास.” दया नको, देणगी नको. वडील वारल्यावर भावांनी वारसनोंद केली, तीत तिचे नाव नव्हते. नाव नाही म्हणून पीककर्ज नाही. जमीन कसते ती, पण कागदावर ती नाहीच.

सरकारदरबारी काही पावले पडली आहेत. तमिळनाडूने 2008 साली या लोकांसाठी कल्याण मंडळ नेमले, महाराष्ट्राने 2020 साली. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना तृतीय लिंग म्हणून मान्यता दिली, 2019 साली संसदेने कायदा केला. उत्तर प्रदेशाने 2020 साली महसूल कायद्यात दुरुस्ती करून शेतजमिनीच्या वारसांत तृतीयपंथीयांना जागा दिली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट मोठी आहे. पोटाला जमीन असली तर घर सोडायची पाळी कशाला येईल?

तुमच्या घरी, भावकीत असे एखादे लेकरू असेल. पोर वेगळे वागते म्हणून मारझोड करू नका, अंगारे-धुपारे करू नका. त्याला शाळेतून काढू नका. वारसनोंदीच्या वेळी त्याचे नाव गाळू नका. आणि ग्रामसभेत त्यांच्यासाठी काही ठरवायचे असेल, तर त्यांनाच बोलावून पुढे बसवा. कोणत्या वाफ्याला पाणी कमी पडते, हे दारे धरणाऱ्यालाच ठाऊक असते. बांधावरून बघणाऱ्याला सगळेच हिरवे दिसते.