त्याचं नाव काय होतं?

नेदरलँड्समध्ये मूल वाढवत असाल तर 'स्प्रेकबर्ट' नावाचं प्रकरण तुमच्याही घरी येऊन गेलं असेल. इतर देशांतल्या वाचकांसाठी सांगतो. मुलाने एक विषय निवडायचा, घरी तयारी करायची आणि वर्गासमोर उभं राहून दहा-पंधरा मिनिटं बोलायचं. ससा, ज्वालामुखी, आजीचं गाव, काहीही चालतं. २०२१ च्या वसंतात, लॉकडाउननंतर शाळा पुन्हा सुरू झाल्या होत्या तेव्हा, आमच्या चिरंजीवांनी विषय ठरवून आणला : लासिना त्राओरे.

आम्ही हूफडॉर्पला राहतो. नाव ओळखीचं नसेल तर शिफोल विमानतळ आठवा. विमान उतरताना खाली पट्टीने आखल्यासारखी शेतं आणि कालवे दिसतात, त्यातलंच हे एक गाव. १८५२ पर्यंत इथे भलंमोठं तळं होतं. वाफेच्या पंपांनी ते उपसून जमीन काढली. म्हणजे मुळात इथलं कोणीच इथलं नाही, असं मी गमतीने म्हणतो. आयाक्सचं स्टेडियम आमच्यापासून फार लांब नाही, त्यामुळे गावातल्या निम्म्या पोरांच्या अंगावर लाल-पांढरी जर्सी असते. आमच्याही.

लासिना बुर्किना फासोचा. केपटाउनमधल्या आयाक्सच्या क्लबातून तो अ‍ॅमस्टरडॅमला आला तेव्हा नुकता १८ वर्षांचा झाला होता. २४ ऑक्टोबर २०२० ला आयाक्सने फेन्लो गावात जाऊन व्हीव्हीव्ही संघाला १३-० असं हरवलं. डच लीगमधला तो विक्रम. त्यातले पाच गोल एकट्या लासिनाचे, शिवाय तीन गोलांना त्याचा पास. वय १९. आणि हे सगळं झालं रिकाम्या स्टेडियममध्ये, कारण कोरोनामुळे प्रेक्षकांना बंदी होती. टीव्हीवर चेंडूला बसलेली लाथ ऐकू यायची आणि गोल झाल्यावर चार-सहा खेळाडूंच्या टाळ्या. आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस, आणि बघायला मैदानात कोणी नाही. आमचा मुलगा मात्र सोफ्यावर उभा राहून ओरडत होता. तिथूनच हा विषय आला.

तयारीला आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. फुटबॉलमधलं मला त्याच्यापेक्षा कमी कळतं, पण "तो इथे आला कसा?" हा भाग मी घेतला, कारण व्हिसा हा माझा विषय. तुमच्यापैकी बरेच जण 'हायली स्किल्ड मायग्रंट' म्हणून आला असाल. पगाराची एक किमान रेषा असते, तिशीच्या आतल्यांना ती जरा खाली असते, आणि नोकरी गेली की दुसरी शोधायला तीन महिने. मला वाटायचं की हे आपल्यासारख्या संगणकवाल्यांचं दुखणं. फुटबॉलपटूंचं तर याहून कडक निघालं. युरोपीय संघाबाहेरचा खेळाडू आणायचा तर क्लबाने त्याला पहिल्या श्रेणीच्या लीगमधल्या सरासरी पगाराच्या निदान दीडपट पगार दिला पाहिजे. १८-१९ वर्षांच्यांना मात्र पाऊणपट चालतो. आणि फिफाचा नियम असा की काही अपवाद सोडले तर १८ च्या आत देश बदलून क्लब गाठता येत नाही.

आता हे त्या मुलाच्या बाजूने बघा. सतराव्या वर्षी दार बंद. अठराव्याला उघडतं. विसाव्या वाढदिवसाला त्याची किंमत दुप्पट होते, आणि लहान क्लब म्हणतात, एवढ्या पैशात आम्ही इथलाच घेऊ. सिद्ध करायला हातात दोन वर्षं. गुडघा दुखला, प्रशिक्षक बदलला, घरची आठवण येऊन सहा महिने वाया गेले, सगळं त्या दोन वर्षांतच धरायचं.

"बाबा, तू माझ्याएवढा होतास तेव्हा कोणाला बघायचास?" मुलाने विचारलं.

त्याच्याएवढा होतो तेव्हा सावंतवाडीत सचिन सोडून कोणी नव्हतं. फुटबॉल भेटला तो २००४ साली, फोंड्याला इंजिनिअरिंगला गेल्यावर. खोलीतला मित्र मडगावला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर घेऊन गेला, आणि पुढची चार वर्षं आम्ही कदंबाच्या बसने जात राहिलो. आम्ही धेंपोवाले. धेंपोचा सेंटर फॉरवर्ड रँटी मार्टिन्स, नायजेरियाचा, जवळपास माझ्याच वयाचा. समोर चर्चिल ब्रदर्सकडे ओडाफा ओकोली, तोही नायजेरियाचा. २००६-०७ पासून सलग सात हंगाम भारतातल्या सर्वोच्च लीगमधले सर्वाधिक गोल या दोघांपैकीच कोणीतरी केले. २०११-१२ मध्ये रँटीने एकट्याने ३२. त्या आठ-नऊ वर्षांत धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. गोव्याच्या फुटबॉलचा सोन्याचा काळ म्हणतात तो बराचसा या परदेशी पोरांच्या पायांवर उभा होता, हे मी मुलाला अभिमानाने सांगितलं. तो खूष झाला. 'भारतातही आफ्रिकन फॉरवर्ड' अशी एक स्लाइड ठरली.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण बोलण्याच्या ओघात मी म्हणालो, "आमच्या बिल्डिंगमध्येपण एक राहायचा."

राहायचा खरा. २००६ चा पावसाळा. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. कोणा एजंटने ट्रायल मिळवून देतो म्हणून आणलेला. क्लबाने दोन सामन्यांत बघितला आणि नको म्हटलं. तो सकाळी एकटाच पावसात पळायला जायचा. संध्याकाळी स्टोव्हवर टोमॅटो-मिरचीचा लालभडक रस्सा आणि भात. आमच्या घरमालकीणबाईंना सुक्या बांगड्याचा वास चालायचा, त्याच्या रश्श्याचा चालायचा नाही. (इथे आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंनी फोडणीबद्दल चिठ्ठी टाकली तेव्हा मला बांगडा आठवला.)

आम्ही त्याला रँटी म्हणायचो. जिन्यात दिसला की "काय रँटी, गोल किती?" तो हसायचा. एकदा हसला नाही. थांबून नीट म्हणाला, रँटी म्हणजे रँटी, मी अमुक. नाव सांगितलं त्याने. आम्ही ते चुकीचं उच्चारून बघितलं, आम्हालाच हसू आलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रँटी. आमच्या मनात वाईट काही नव्हतं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

मग एका संध्याकाळी तो कागद घेऊन खाली आला. पणजीला पोलिसांकडे परदेशी नागरिकांची नोंद असते, त्यातलं काहीतरी अडलं होतं. घरमालकाच्या सहीचा कागद हवा होता आणि बाई त्याच्याशी बोलायला तयार नव्हत्या. माझ्याशी कोणीतरी बोलून दे, आणि जमलं तर सोबत पणजीला चल, एवढंच. मी म्हटलं, चतुर्थीनंतर. चतुर्थीला सावंतवाडीला गेलो, दहा दिवसांनी आलो, तर खोलीला कुलूप. भाडं थकलं म्हणून बाईंनी त्याची गादी ठेवून घेतली होती. ती जिन्याखाली बरेच दिवस पडून होती.

"त्याचं नाव काय होतं?" मुलगा लॅपटॉपवर बोटं ठेवून बसला होता.

आठवेना. पहिलं अक्षरसुद्धा नाही. मी म्हटलं, विसरलो. तो म्हणाला, "मग नको. नाव नसेल तर बाई विचारतील, कुठून मिळालं म्हणून." आणि त्याने पुढची स्लाइड घेतली. स्प्रेकबर्ट छान झालं.

लासिनाचं पुढे काय झालं तेही तुम्हाला सांगायला हवं. १३-० नंतर तीन महिन्यांत आयाक्सने क्लबच्या तोवरच्या इतिहासातली सगळ्यात मोठी रक्कम मोजून सेबास्तियाँ हालेरला आणलं, त्याच्याच जागेवर. त्यात युरोपा लीगच्या यादीत हालेरचं नावच घालायला क्लब विसरला. एवढ्या मोठ्या क्लबात फॉर्म भरताना अशी चूक होते हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. तरी २०२१ च्या उन्हाळ्यात लासिना युक्रेनच्या शाख्तार डोनेत्स्ककडे गेला. सप्टेंबरात चॅम्पियन्स लीगच्या सामन्यात गुडघा गेला. तो बरा होत असतानाच फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं. फिफाने परदेशी खेळाडूंना करार स्थगित करून निघून जायची मुभा दिली, शाख्तारचे बहुतेक ब्राझिलियन गेले. लासिना मात्र राहिला, आणि २०२२-२३ ची लीग शाख्तारने जिंकली. त्याने असं का केलं असेल यावर आमच्या घरी वाद झाला. मुलगा म्हणाला, निष्ठा. मी म्हटलं, असेलही. पण करार हातात असणं म्हणजे काय, ते बुर्किना फासोहून निघालेल्या मुलाला जास्त कळत असावं. ब्राझीलच्या खेळाडूला परत जायला एक मोठी लीग असते.

गेल्या महिन्यात मी त्या खोलीतल्या मित्राला फोन केला. तो आता कुडाळला असतो. घरमालकीणबाई गेल्या, बिल्डिंग पाडून नवीन झाली, हे त्याच्याकडूनच कळलं. मग विचारलं, वरच्या खोलीत तो नायजेरियाचा राहायचा, आठवतो का?

"कोण, रँटी? धेंपोचो?"

"नाय रे. आपल्या गच्चीवर रवायचो तो. चतुर्थीक गेलो."

"हां, तो!" मित्र हसला. "अरे, तेचा नाव रँटीच होता मां?"