तीन बोटांची खाच

काही छंद असे असतात, की ते चारचौघांत सांगायची सोय नसते. कुणी तिकिटे जमवतो, कुणी कविता करतो. लोक समजून घेतात. पण "मी संगणकावर रस्ते खोदतो आणि त्यांत रूळ पुरतो," असे म्हटले की समोरचा माणूस आधी माझ्याकडे आणि मग घड्याळाकडे पाहतो. आमच्या एका सरांनी तर भर वर्गात विचारले, "अरे, तुला बी. ए. व्हायचे आहे की रेल्वेत गँगमन?" वर्ग हसला, मीही हसलो, पण उत्तर द्यायचे राहून गेले. ते आज देतो.

आगगाडी चालवण्याचा हुबेहूब आभास निर्माण करणारे संगणकीय कार्यक्रम असतात. त्यांना सिम्युलेटर म्हणतात. ओपनबीव्हीई हा त्यांतलाच एक. फुकट मिळणारा आणि माझ्या धापा टाकणाऱ्या जुन्या लॅपटॉपवरही चालणारा. त्यात दुसऱ्याने रचलेल्या मार्गावर गाडी चालवता येते, तसा स्वतःचा मार्गही रचता येतो. इतक्या मीटरवर वळण, इतक्या मीटरवर खांब, असे ओळीमागून ओळ लिहीत जायचे. कुणी म्हणेल, जालन्याच्या पोराने मनमाडची लाईन रचावी! मी मात्र रचायला घेतली मुंबईची ट्राम, जी मी जन्मात पाहिलेली नाही.

याचे कारण माझे आजोबा. १९५७ साली ते गाव सोडून मुंबईला गेले आणि लालबागच्या एका गिरणीत लागले. परत आले तेव्हा त्यांनी फारसे काही आणले नाही. पण ट्राम आणली. म्हणजे ट्रामच्या गोष्टी. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली आणि विजेची ७ मे १९०७ रोजी, हे मी पुढे पुस्तकांत वाचले. आजोबांना या तारखांशी कर्तव्य नव्हते. ते सांगत ते एवढेच, की ट्रामला फाटक नसते. ती रस्त्यातूनच जाते; बाजूने हातगाडी जाते, पुढून माणूस जातो, आणि कुणी कुणासाठी अडून राहत नाही. ते दादरला नेहमी 'दादर टीटी' म्हणत. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे मला फार उशिरा उमगले. ट्राम गेली तरी ते नाव लोकांच्या तोंडी राहिले. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली, तेव्हा आजोबांची रात्रपाळी होती. "बघायचं राहून गेलं," असे ते म्हणत. मी बारावीत असताना ते गेले. त्यांचे राहून गेलेले आपण बघावे, असे मनाने घेतले.

परंतु रस्त्यातला रूळ रचणे सोपे नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळले. या कार्यक्रमातला नेहमीचा रूळ खडीवर, स्लीपरांवर उभा असतो. तो रस्त्यावर ठेवला तर रस्त्याच्या वर बोटभर डोकावतो. अशा रस्त्यावरून बैलगाडीही जायची नाही. मग मी रस्ता उचलून रुळाच्या बरोबर उंचीला आणला. तर पडद्यावर सगळे लखलखू लागले! दोन पृष्ठभाग अगदी एका पातळीत आले, की कोणता वर आणि कोणता खाली हे संगणकाला ठरवता येत नाही. क्षणात रूळ दिसतो, क्षणात डांबर. वळणावर तर आणखी फजिती. मार्ग पंचवीस-पंचवीस मीटरच्या सरळ तुकड्यांनी बनतो. आगगाडीच्या लांबच लांब वळणात ते खपून जाते. ट्राम कोपऱ्यावर एकदम वळते, आणि माझे वळण फुटक्या बांगडीसारखे दिसू लागले.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. एका रविवारी ते मागे येऊन उभे राहिले.

"काय करतो रे दिवसभर या डबड्यावर?"

"रस्त्यात रूळ बसवतोय, दादा. पण बसत नाही."

दादा काही बोलले नाहीत. इथे थोडी मागची गोष्ट सांगायला हवी. मी पाचवीत असेपर्यंत दादा सायकलवरून शहरात दूध घालत. वाटेत रेल्वेचे फाटक लागायचे आणि रस्ता रुळांना तिरका ओलांडायचा. श्रावणातल्या एका पहाटे, झिमझिम पावसात, फाटक उघडे असताना सायकलचे पुढचे चाक रुळाजवळच्या फटीत गेले. दोन्ही किटल्या सांडल्या आणि दादांचा गुडघा गेला, तो गेलाच. दूध सुटले; पुढे ते एका रोलिंग मिलमध्ये रात्रीचे पहारेकरी झाले. त्या पहाटेविषयी घरात कधी कुणी बोलले नाही. विचारायचे धाडस मलाही झाले नाही.

त्या रविवारी दादा खुर्ची ओढून बसले. चष्मा पुसून पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "खाच कुठाय?"

"कसली खाच?"

"रुळाच्या आतल्या अंगाला खाच असते. नाहीतर गाडीचं चाक जाईल कुठून?" त्यांनी तीन बोटे जुळवून माझ्यासमोर धरली. "आपल्या फाटकात एवढी रुंद. मला ठाऊक आहे."

मी गप्प झालो. पुढे शोधले तेव्हा दिसले, की ब्रॉडगेजच्या फाटकात ही फट ५१ ते ५७ मिलिमीटर ठेवावी असा रेल्वेचा नियमच आहे. गाडीच्या चाकाला आतल्या बाजूने उंच काठ असतो. तोच गाडीला रुळावर धरून ठेवतो. त्या काठाला जायला जागा हवी, म्हणून फाटकात मुख्य रुळाच्या आत आणखी एक रूळ टाकून मध्ये फट राखतात. ट्रामच्या रुळाला तर खाच अंगचीच असते, आणि चाकाचा काठ लहान म्हणून ती अरुंदही असते. दादांची तीन बोटे नियमाला तंतोतंत धरून होती. नियम त्यांनी वाचला नव्हता. त्याची किंमत तेवढी मोजली होती.

मग मी रस्ताच कापला. एका सलग पट्टीऐवजी तीन पट्ट्या केल्या: दोन बाजूंच्या आणि एक रुळांमधली. रुळाला त्याची जागा दिली आणि शेजारी दोन बोटांची खाच सोडली. लखलख थांबली. वळणासाठी आखूड तुकडे घडवले; बांगडी सांधली गेली. इतके दिवस मी रस्त्यावर रूळ लादत होतो, नाहीतर रुळावर रस्ता. दोघांना एकत्र नांदवायचे तर मध्ये थोडी जागा मोकळी सोडावी लागते, आणि ती मोकळी जागासुद्धा मापून बांधावी लागते, हे मला त्या रात्री समजले. घरातली माणसेही काही वेगळी नसतात.

२०१७ साली मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ खोदकाम करताना ट्रामचे जुने रूळ सापडले होते. वरून डांबराचे थर चढले, पण खाली रूळ होते तसेच होते. आमच्या घरातली ती पहाटही अशीच होती. ती दादांनी आपल्या हाताने उकरली, तीही माझ्या या डबड्यापायी!

माझी ट्राम आता परळहून दादरपर्यंत धावते. परवा दादांनी ती स्वतः चालवली. कळ दाबताना त्यांचा हात थरथरत होता. दादर टीटी आले तेव्हा म्हणाले, "तुझ्या आजोबाला दाखवायला पाहिजे होतं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "सायकलवाला एकही नाही रे तुझ्या रस्त्यावर."

मी त्याच रात्री एक सायकलवाला घातला. मागे दोन किटल्या लावलेला. दादांनी दुसऱ्या दिवशी तो पाहिला आणि फक्त एक दुरुस्ती सांगितली.

"तिरका नको नेऊ त्याला. रूळ ओलांडताना सरळ काटकोनात ने."

तसा नेला आहे. तो रोज सुखरूप पलीकडे जातो.